चांदीच्या स्मारक नाण्यांवरचं नैसर्गिक टोनिंग: पारख, खरेदी आणि मुंबईच्या हवेतली जपणूक

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या कपाटात गांधी जन्मशताब्दीची, १९६९ सालची, दहा रुपयांची दोन चांदीची नाणी सापडली. कडेला सोनेरी, जांभळी, निळी झाक आहे; चांदीवर आपोआप चढणाऱ्या या रंगालाच टोनिंग म्हणतात. एक जण म्हणतो सोनाराकडून उजळून घ्या, दुसरा म्हणतो हात लावू नका. शिवाय पुढे अशीच रंगदार आणि वरच्या ग्रेडची, म्हणजे वरच्या दर्जाची, चांदीची स्मारक नाणी जमवायची इच्छा आहे, तर काय बघून घ्यायची, बनावट रंग कसा ओळखायचा आणि मुंबईत ती टिकवायची कशी?

पहिल्या भागाचं उत्तर एका वाक्यात: उजळू नका. दंतमंजन, भांड्यांची पावडर, चिंच, लिंबू, सोडा घातलेल्या गरम पाण्यात ॲल्युमिनियम फॉइल, सोनाराचं सिल्व्हर डिप (चांदी बुडवून उजळायचं द्रावण), यातल्या प्रत्येकाने रंग जातो हे खरं, पण सोबत आणखी काहीतरी जातं. ठसा आपटतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि नाण्यावर अतिशय बारीक रेघा तयार होतात. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाचे दोन पट्टे चाकासारखे फिरताना दिसतात ते या रेघांमुळे. त्यालाच आपण लस्टर म्हणतो. घासल्याने त्या रेघा सपाट होतात, डिपमधलं आम्ल आणि थायोयुरिया त्यांची टोकं खातं, आणि फॉइलच्या पद्धतीत चांदी परत धातुरूपात येते पण मूळ रचनेत येत नाही, म्हणून नाणं पांढरं होतं आणि मेलेलं दिसतं. गेलेलं लस्टर कुणीही परत आणू शकत नाही.

आता रंग येतो कुठून ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी पारख त्यावर उभी आहे. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू अत्यल्प प्रमाणात असतात. दमट हवेत ते चांदीशी संयोग पावतात आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. हा थर केसाच्या जाडीपेक्षा हजारपटीने पातळ असतो. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतात, काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात ते रंग याच प्रकारचे. म्हणजे नाण्यावर निळा किंवा जांभळा असा कुठलाही पदार्थ बसलेला नसतो. रंग ठरतो तो थराच्या जाडीवर. आणि खालचा धातू चकचकीत, न घासलेला असेल तरच रंग झळाळतो. घासलेल्या नाण्यावर तोच थर मातकट दिसतो.

थर वाढत जातो तसा रंगांचा क्रम ठरलेला असतो, आणि हा क्रम पाठच करून टाका. पांढऱ्या चांदीवर आधी फिकट पिवळा, मग गडद सोनेरी, तांबूस, किरमिजी-जांभळा, निळा, मग फिकट आकाशी. इथे पहिलं आवर्तन संपतं. थर आणखी जाड झाला की पुन्हा पिवळा, पुन्हा किरमिजी, मग हिरवट निळा. तिसऱ्या आवर्तनात पिवळा, गुलाबी आणि खरा हिरवा. त्यानंतर रंग एकमेकांत मिसळून राखाडी, तपकिरी आणि शेवटी काळं. म्हणून नैसर्गिक टोनिंग असलेल्या नाण्यात मधल्या पांढऱ्या भागाकडून कडेकडे जाताना हेच रंग याच ओळीने भेटतात. निळा पट्टा थेट पांढऱ्या चांदीला चिकटलेला दिसला, मध्ये पिवळ्या-किरमिजीची बारीक रेघही भिंगाखाली सापडली नाही, तर तिथे थांबा. पहिल्या आवर्तनातल्या फिकट पिवळ्याच्या शेजारी एकदम गडद हिरवा आला, तरी थांबा.

काळा थर म्हणजे काय तर पृष्ठभागावरची बरीच चांदी सल्फाइडमध्ये खर्ची पडली आहे. असं नाणं डिप केलं तर खालून खरखरीत, निस्तेज पृष्ठभाग निघतो. त्यामुळे काळपट नाणं स्वस्तात घेऊन ते उजळून विकू, हा हिशेब चुकतो. रंगाचा सुंदर टप्पा गाठलेलं नाणं घ्यायचं आणि तिथेच रोखून धरायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

धातूप्रमाणे टोनिंग बदलतं. तुमची १९६९ ची दहा रुपयांची नाणी ८०० शुद्धतेची (हजारात ८०० भाग चांदी), १५ ग्रॅम वजनाची, ३४ मिलिमीटर व्यासाची आहेत. त्यांच्यावर १९६९ हा आकडाच नाही, १८६९-१९४८ ही गांधीजींची वर्षं आहेत, त्यामुळे नवख्यांचा गोंधळ होतो. याच मालिकेतला रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे आहेत. त्यांच्यावर चांदीसारखं टोनिंग शोधू नका. मुंबई टाकसाळीच्या नाण्यावर हिऱ्याची खूण असते, कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. मुंबईच्या जुन्या प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या, नाण्यांवर बी हे अक्षर, पुढच्या काळातल्या प्रूफवर एम. भारतीय स्मारक नाण्यांत सुंदर टोनिंगसाठी हे नाणं आणि १९७०-७१ ची अन्न व कृषी संघटनेची दहा रुपयांची नाणी सगळ्यात चांगली, कारण चांदी जास्त आणि तांबं कमी.

१९७२ च्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी नाण्यापासून चांदी ५०० शुद्धतेवर आली. नंतरची पन्नास आणि शंभर रुपयांची ३५ ग्रॅमची मोठी नाणीही तशीच. अलीकडच्या दशकांतल्या ३५ ग्रॅमच्या नाण्यांचा धातू अधिसूचनेत स्पष्ट दिलेला असतो: चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. २०२३ चं नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं याच मिश्रधातूचं. यात तांबंही स्वतंत्रपणे काळवंडतं, म्हणून रंग बहुधा तपकिरी, मधासारखा, राखाडी येतो. हलकी सोनेरी किंवा गुलाबी छटा येते, नाही असं नाही. पण ५०० शुद्धतेच्या नाण्यावर कुणी झगझगीत निळं-हिरवं इंद्रधनुष्य दाखवलं तर माझा पहिला अंदाज बनावटीचाच असतो, आणि दुसराही. शुद्ध चांदीची नवी नाणी, उदाहरणार्थ रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त १ एप्रिल २०२४ ला मुंबईत प्रकाशित झालेलं ४० ग्रॅमचं ९० रुपयांचं नाणं, यांची अडचण वेगळी. शुद्ध चांदीच्या नव्या नाण्यांवर कधीकधी दुधाळ पांढरे डाग उमटतात. त्यांना आजवर खात्रीचा उपाय नाही.

परदेशी नाण्यांत हात घालायचा असेल तर अमेरिकेचे १८९२ ते १९५४ मधले स्मारक अर्धडॉलर हा या छंदाचा सगळ्यात समृद्ध प्रांत आहे. ९०० शुद्धता, साडेबारा ग्रॅम. त्यातली बरीच नाणी ग्राहकांना पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये पाठवली गेली आणि तशीच दशकानुदशकं पडून राहिली. पुठ्ठ्यातल्या गंधकाने उघड्या भागावर रंग चढला आणि जिथे पुठ्ठ्याची जीभ नाण्याला दाबून होती तिथे पांढरा ठसा राहिला. या ठशाला टॅब टोनिंग म्हणतात आणि तो नाण्याच्या इतिहासाचा पुरावाच समजला जातो. कॅनडाचा १९३९ चा राजभेटीचा डॉलर ८०० शुद्धतेचा आहे, आपल्या गांधी दहा रुपयांइतकाच. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर एकाच शुद्धतेवर रंग कसा वेगळा बसतो ते शिकायला मिळतं.

आपल्याकडे असा ठरावीक होल्डर नव्हता. नाणी खाकी पाकिटात, वर्तमानपत्राच्या पुडीत, मखमली डबीत, कापसात राहिली. म्हणून भारतीय नाण्यांवरचं नैसर्गिक टोनिंग सहसा एका बाजूला जास्त, कडेने चंद्रकोरीसारखं किंवा कागदाच्या घडीप्रमाणे तिरकं असतं. दोन्ही बाजू सारख्याच, कडेपासून मध्यापर्यंत एकसमान गडद जांभळ्या असतील तर ते नाणं कपाटात पिकलेलं नाही, कुठेतरी पिकवलेलं आहे.

पाहण्याची पद्धत. टेबलावर मऊ टॉवेल, वर एकच दिवा: नऊ-दहा वॉटचा वॉर्म-व्हाइट एलईडी बल्ब, नाण्यापासून हातभर अंतरावर. खोलीतली ट्यूबलाइट बंद. ट्यूबलाइटखाली लस्टर कळतच नाही आणि घासल्याच्या रेघा लपतात. भिंग पाच ते सात पट पुरे. दहा पट शेवटच्या शंकेसाठी. नाणं कडेला धरायचं, बोटाचा मांसल भाग पृष्ठभागावर येऊ द्यायचा नाही, आणि नाण्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा सूक्ष्म थेंब महिन्यांनी काळा ठिपका होऊन दिसतो आणि तो जात नाही.

आधी भिंगाशिवाय नाणं हळूहळू तिरकं फिरवा. प्रकाशाचा पट्टा रंगाच्या खालून सलग फिरायला हवा. रंगाच्या जागी येऊन तो विझत असेल तर थर फार जाड आहे किंवा खालचा धातू खराब आहे. कोन बदलला की नैसर्गिक रंगही थोडा सरकतो, निळ्यात जांभळी छटा येते, सोनेरी उजळतो. जो रंग कुठल्याही कोनात तसाच राहतो, खडूने भरल्यासारखा, तो संशयास्पद.

मग भिंग घेऊन अक्षरांपाशी या. गांधी नाण्यावर रंग असेल तर कडेच्या एखाद्या अक्षराच्या पायथ्याशी बघा. अक्षराला लागून एक बारीक फिकट किनार असते. मोकळ्या जागेतला निळा रंग अक्षराजवळ येताना जांभळा, मग सोनेरी होतो आणि अक्षराच्या भिंतीला टेकायच्या आत जवळजवळ पांढरा पडतो. वर्षानुवर्षं हळू चढलेल्या टोनिंगमध्ये ही किनार वारंवार दिसते. गरम करून किंवा रसायनाच्या वाफेत घाईने चढवलेल्या रंगात ती सहसा नसते. रंग सपाट जागेवरून अक्षरावर आणि अक्षरावरून पुन्हा खाली, न थबकता, एकाच छटेत वाहत गेलेला दिसतो. इतर कुठलीही एक खूण चुकवू शकते, पण रंगांचा क्रम आणि ही किनार दोन्ही बरोबर असतील तर मी निम्म्याहून अधिक खात्री धरतो.

नंतर रेघा. एकाच दिशेच्या समांतर बारीक रेघा म्हणजे कापडाने पुसलेलं. गोलाकार रेघा म्हणजे पॉलिश. आता त्या रेघांमध्ये रंग कसा आहे ते बघा. रेघेत रंग अधिक गडद साचलेला असेल तर नाणं आधी घासलं गेलं आणि टोनिंग नंतर चढलं; रंग नैसर्गिक असूनही नाणं वरच्या ग्रेडचं नाही. उलट रेघ रंगाला चिरून गेली असेल आणि आत पांढरी चांदी चमकत असेल तर ओरखडा टोनिंगनंतरचा. रंग रेघेवरून पूल बांधल्यासारखा सलग गेला असेल तर बहुधा काहीतरी वरून चढवलंय. वास घ्यायलाही लाजू नका. वार्निशचा, गंधकाचा किंवा जळकट वास हा अजूनही उपयोगी पुरावा आहे.

बनावट रंग चढवायच्या युक्त्या सर्वांना माहीत असतात: उकडलेल्या अंड्यासोबत बंद डब्यात ठेवणं, गंधकाच्या द्रावणात बुडवणं, ओव्हनमध्ये किंवा तव्यावर तापवणं. अंड्याने येणारा रंग रासायनिकदृष्ट्या सल्फाइडच असतो, म्हणून तो ओळखणं सगळ्यात अवघड. पण तो काही तासांत चढतो, त्यामुळे ठिगळांसारखा येतो आणि मध्येच गडद होतो. तापवलेल्या नाण्यात लस्टर करपल्यासारखं दिसतं. आणि एक व्यावहारिक खूण: एकाच विक्रेत्याकडे वेगवेगळ्या सालांची, वेगवेगळ्या धातूंची दहा नाणी अगदी एकसारख्या निळ्या-जांभळ्या रंगात मांडलेली असतील तर भिंग काढायचीही गरज नाही.

ग्रेडबद्दल. आंतरराष्ट्रीय पातळीवर शेल्डनची १ ते ७० ही मोजपट्टी चालते; ६० ते ७० न वापरलेल्या नाण्यांसाठी. ६५ पासून पुढे संग्राहकी दर्जा मानला जातो, ६७ च्या वरची नाणी विरळ. गांधी दहा रुपयांत अडचण अशी की चेहरा आणि डोकं मोठं, गुळगुळीत आणि उंच आहे. टाकसाळीतून नाणी पोत्यांत एकमेकांवर आपटत जातात आणि पहिला घाव कपाळावर, गालावर बसतो. त्यामुळे ग्रेड ठरवताना कडेचा रंग विसरा, आधी कपाळ बघा. मोकळ्या जागेतला एक घाव ग्रेडला जितका जड जातो त्याहून गालावरचा अधिक जातो. गडद टोनिंग घाव झाकतं. दिवा अगदी आडवा धरला की ते उघडे पडतात, आणि विक्रेत्याने आडवा दिवा धरू दिला नाही तर सौदा तिथेच संपवा. प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या मोकळ्या जागेत पातळ टोनिंग धुक्यासारखं दिसतं. तिथे रंगापेक्षा बोटांचे ठसे शोधा, ते बहुतेक वेळा टोनिंगच्या आत कायमचे कोरले गेलेले असतात.

पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी ग्रेडिंग कंपन्या अनुक्रमे १९८६ आणि १९८७ पासून आहेत. रंग शंकास्पद वाटला तर त्या ग्रेडचा आकडा देत नाहीत, रंगाविषयी शेरा मारतात. एनजीसी असाधारण देखण्या नाण्याला ग्रेडशेजारी तारा देते. मुंबईत असं ग्रेड केलेलं नाणं कंपनीच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीत, विकायला आलं तर स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का पाहा, कारण बनावट स्लॅबही फिरतात. टोनिंगच्या नाण्यात फोटो जुळवणं सोपं असतं. रंगांचा नकाशा प्रत्येक नाण्याचा वेगळा.

खरेदीसाठी फोर्टमधले जुने नाणेविक्रेते, शहरात भरणारी नाणी-प्रदर्शनं आणि लिलावगृहं हे तीन रस्ते. नवी नाणी टाकसाळ महामंडळाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात, पण त्यांच्यावर रंग नसतो, तो यायला वर्षं जातील. लिलावात बोली लावायच्या आधी नाणी हातात घेऊन पाहण्याचा दिवस असतो. तो चुकवू नका आणि स्वतःचा दिवा घेऊन जा; हॉटेलच्या झुंबराच्या पिवळ्या उजेडात प्रत्येक नाणं सोनेरी दिसतं. ऑनलाइन विकत घेताना दोन वेगळ्या कोनांतले फोटो आणि नाणं तिरकं फिरवतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागा. एका कोनातला, थेट वरून उजेड टाकलेला फोटो सगळे रंग एकदम पेटवतो. हातात आलेलं तेच नाणं राखाडी निघतं.

भावाचा हिशेब तीन पायऱ्यांत करा. आधी धातू: १५ ग्रॅमच्या ८०० शुद्धतेच्या नाण्यात १२ ग्रॅम चांदी, ३५ ग्रॅमच्या ५०० शुद्धतेच्या नाण्यात साडेसतरा, अमेरिकी अर्धडॉलरमध्ये सव्वाअकरा. मग तेच नाणं त्याच ग्रेडमध्ये, पांढरं, कितीला जातं ते. आणि शेवटी रंगाचा वाढीव भाव. हा तिसरा आकडा पूर्णपणे आवडीवर चालतो, म्हणून विकताना तो परत मिळेलच असं धरू नका. आपल्या बाजारात अजून बऱ्याच जणांना टोनिंग म्हणजे नाणं काळं पडणं वाटतं. त्यामुळे चांगलं टोनिंग कधीकधी पांढऱ्याच्या भावात मिळतं, आणि त्याच कारणाने ते विकायला वेळ लागतो. निखळ रंगासाठी कमकुवत ग्रेडचं नाणं घ्यावं का? माझ्या मते नाही. ६३ ग्रेडचं इंद्रधनुष्य पहिल्या दिवशी मोहात पाडतं, पण गालावरचा घाव पुढची वीस वर्षं दिसत राहतो.

संशय असेल तर वजन आणि व्यास मोजा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि व्हर्नियर पुरे. ८०० शुद्धतेच्या चांदी-तांब्याची घनता साधारण १०.१ येते, ५०० च्या चतुर्धातूची साधारण ९.५. पाण्यात बुडवून घनता काढायची पद्धत मात्र रंगदार नाण्यावर वापरू नका.

आता मुंबई. जुलै-ऑगस्टमध्ये इथली सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, हवेत समुद्राचं मीठ आहे, आणि माहीमपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत ओहोटीला चिखलातून जो कुजका वास येतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचाच. नाल्याच्या किंवा खाडीच्या बाजूच्या घरात चांदीची भांडी लवकर काळी पडतात ती याच कारणाने. म्हणजे पुण्यात ज्या रंगाला वीस वर्षं लागतील तो इथे लवकर चढेल, आणि लवकर काळाही होईल. क्लोराइडमुळे तांबं असलेल्या नाण्यांवर हिरवी बुरशीसारखी पुटंही येतात.

नाणं ज्या गोष्टीला टेकतं ती आधी तपासा. मऊ, वास मारणारं, लवचीक प्लास्टिक म्हणजे बहुधा पीव्हीसी. त्यातून निघणारा प्लास्टिसायझर आणि आम्ल नाण्यावर चिकट हिरवा थर टाकतं. शंका असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून पाकिटाच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, पाकीट टाकून द्या. नाणी जवळ ठेवून हा प्रयोग करू नका, खिडकी उघडी असू द्या. चालतं ते असं: पॉलिएस्टरचं, म्हणजे मायलारचं पाकीट, पॉलिप्रॉपिलीन, किंवा नाण्याच्या नेमक्या व्यासाची ॲक्रिलिकची कॅप्सूल. ३४ मिलिमीटरचं नाणं ३६ च्या कॅप्सूलमध्ये हलतं आणि स्वतःच्या कडेला ओरखडे पाडतं. आतली रिंग फोमची असेल तर तो फोम कशाचा आहे विचारा. रबरी फोम नको, त्यात गंधक असतं. रबर बँड, लोकरी फेल्ट, मखमली पेटी, प्लायवूड आणि एमडीएफचे ड्रॉवर, डांबराच्या गोळ्या, कापूर, सगळं दूर. लेटेक्सचे हातमोजेही नकोत. पावडर नसलेले नायट्राइल घ्या.

साठवण अशी: झाकणाला रबराऐवजी सिलिकॉनची रिंग असलेला दहा लिटरचा पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट डबा, आत कॅप्सूलमधली नाणी, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि कापडी पिशवीत शंभर ते दीडशे ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. जेल नाण्यांना टेकू देऊ नका, त्याची धूळ ओरखडे काढते. लक्ष्य ३५ ते ४५ टक्के आर्द्रता. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. त्याहून जास्त तापवलं तर रंगदर्शक जळतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मापक बघा, हिवाळ्यात महिन्याने. सोबत गंधक शोषणारी अँटी-टार्निश पट्टी ठेवली तर उत्तम. तिच्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर ती निरुपयोगी होते, तेव्हा तारीख डब्यावर लिहून ठेवा. स्वयंपाकघराच्या किंवा देवघराच्या भिंतीला लागून हा डबा ठेवू नका. लक्ष्मीपूजनात ठेवायला बाजारातलं साधं चांदीचं नाणं वापरा; टोनिंगच्या नाण्यावर पंचामृत आणि हळद-कुंकू पडलं की त्या नाण्याचा ग्रेड त्या संध्याकाळीच ठरतो.

बँकेचा लॉकर सुरक्षित आहे, कोरडा असेलच असं नाही. बरेच लॉकर तळघरात असतात. तिथेही हाच डबा, लहान आकारात, आणि तीन महिन्यांनी एक फेरी.

पीव्हीसीचा हिरवा चिकटपणा आधीच आला असेल तर शुद्ध ॲसिटोन हा एकमेव सुरक्षित घरगुती उपाय. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानांत प्रयोगशाळेच्या दर्जाचं मिळतं. दोन काचेच्या वाट्या, प्रत्येकीत तीस-चाळीस मिलिलिटर. पहिल्या वाटीत पाच मिनिटं, नाणं उलटून पुन्हा पाच, मग दुसऱ्या स्वच्छ वाटीत एक मिनिट, आणि कडेला उभं करून वाळू द्या. घासायचं नाही, बोळाही नाही. ॲसिटोन सल्फाइडला हात लावत नाही, म्हणून खरा रंग जागच्या जागी राहतो. रंग उतरून वाटीत आला तर तो रंग नव्हता, लाखेचा किंवा शाईचा लेप होता. गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं जवळ नको. आणि हे काम भर पावसाळ्यात उघड्या खिडकीत करू नका: ॲसिटोन उडताना नाणं थंड पडतं, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि नंतर पाण्याचे डाग दिसतात. डिसेंबर-जानेवारीची कोरडी दुपार घ्या, किंवा एसी खोली अर्धा तास आधी चालवून ठेवा.

बदल होतोय का हे नजरेने कळत नाही, कारण तो हळू होतो. वर्षातून एकदा त्याच दिव्याखाली, त्याच कोनात, फोनच्या कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स स्थिर ठेवून प्रत्येक नाण्याचा फोटो काढा. शेजारी पांढरा कागद ठेवला की तुलना खरी होते. पिवळ्याचा किरमिजी झालेला दिसला तर डब्यात काहीतरी गळतंय.

परदेशी ग्रेडिंगला पाठवायचं झालं तर आधी नाण्याचं वय बघा. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुराणवस्तू ठरतं आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, ग्रेडिंगपुरतंही नाही. म्हणजे राणीछाप रुपये आणि पंचम जॉर्जचे सुरुवातीचे रुपये इथेच राहतील. १९६९ चं नाणं त्या कायद्यात येत नाही, पण परत येताना आयात समजून शुल्क लागू नये म्हणून जातानाच कस्टम्सकडे नाण्याचं वर्णन, वजन, किंमत आणि दोन्ही बाजूंचे फोटो नोंदवून त्याची शिक्क्याची प्रत जवळ ठेवावी लागते. एखाद-दुसऱ्या नाण्यासाठी हा खटाटोप आणि विमा परवडत नाही. ६६-६७ च्या योग्यतेची नाणी साठली की एकत्र पाठवा.